दोष कुणाचा

बाळांनो, जरा कल्पना करा. मूल ज्या वाटेनं जन्माला येतं, त्या योनीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू राहतात. योनी हा शब्द मोठ्यानं म्हणा, नाक-कान म्हणता तसाच. त्या जंतूंतले बहुतेक भले. ते तिथे आंबटपणा टिकवतात, म्हणून बाहेरच्यांना सहज थारा मिळत नाही. आता समजा, एक परका जंतू शिरला. भले कमी झाले, भलतेच जंतू वाढले. पण खाज नाही, वास नाही, दुखणं नाही. बाईला कळणार कसं?

शिनोलीच्या लंकाबाईला कळलं ते २००३ साली, गावातल्या तपासणी शिबिरात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतुदोष आहे. त्रास नसला तरी गोळ्या घ्यायच्या, नवरा-बायको दोघांनी. सोमवारी दोघं घोडेगावच्या दवाखान्यात या." बारा वर्षांची हर्षाली आईजवळच उभी होती. तिनं चार प्रश्न विचारून सगळं समजून घेतलं.

घरी सासूनं, साळुबाईनं, त्यातला एकच शब्द उचलला.

"दोष? दोष निघाला व्हय तुझ्यात? आजपासून देवाच्या निवदाला हात लावायचा न्हाई."

"आत्याबाई, दोष जंतूचा हाय."

"काय व्हत न्हाई, दुखत न्हाई, मंग दवाखाना कशाला? गावाला दाखवायला?"

सोमवारी सकाळी लंकाबाईनं पदर खोचला. "निवद तुमीच करा, आत्याबाई. मी घोडेगावला चालले."

हर्षालीचा बाप भिमाजी, ज्याला ती दादा म्हणायची, ओट्यावर विळ्याला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्याबी गोळ्या तूच आण की. मला काय झालंय?"

"मला तरी काय झालंय?" असं म्हणून लंकाबाई एसटीच्या थांब्याकडे निघाली.

"गडी माणसाला कसला आलाय दोष," साळुबाई पुटपुटली.

"आजी, जंतू गडी-बाई बघत न्हाई," हर्षाली म्हणाली. "कुणाकडनं आला ते तपासणीत दिसत न्हाई. अन् एकट्या आईनं गोळ्या घेतल्या, तर दादाकडनं तिला पुन्ना व्हईल."

"लई शानी झालीस."

"झाले."

भिमाजी धार लावतच राहिला. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. हर्षालीनं बापाच्या हातातला विळा काढून घेतला, त्याच्या चपला आणून पायांपुढे ठेवल्या आणि तो उठेपर्यंत तिथून हलली नाही.