उजव्या बोटाची शाई

कापडे गावाहून वर वाडीकडे येताना तिसऱ्या वळणावरच्या कातळावर चुन्याने काढलेलं सूप.

चौऱ्याण्णव.

नारळ ठेवताना शेंडी देवीकडे करायची.

आज्याच्या उशाला, तंबाखूच्या डबीशेजारी, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. झाकण सैल.

"या मतदाराच्या वतीने मी नोंदवलेले मत गुप्त ठेवीन, असे मी जाहीर करते." खाली सही. माझी.

मोरूकाकाची जीप. मागची सीट रिकामी.

*

आमच्या वाडीत सूप म्हणजे पक्ष. माझा आजा हैबती, वय ब्याऐंशी, गावकीचा पहिला पंच. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने ते सूप कातळावर काढलं आणि पुढच्या प्रत्येक निवडणुकीला त्याला चुना दिला. उमेदवार बदलले, दोघे वारले, एकाचं तर नावही कुणाला आठवत नाही. सूप तेच राहिलं.

मग पक्ष फुटला. सूप एका गटाकडे गेलं. आमचा आमदार दुसऱ्या गटात गेला आणि त्याला छत्री मिळाली.

देवळासमोरच्या ओट्यावर, सहाणेवर, गावकी बसली. माझा चुलतभाऊ साहिल महाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो उभा राहिला.

"आजा, सूप काय रस्ता देणार हाय? रस्ता माणूस देतो. माणूस छत्रीत गेला."

"उद्या तो आणि कुठं जाईल. तू पण जाशील मागनं?"

"डांबर घेऊन गेला तर जाईन की."

सगळे हसले. आजाही हसला. मग हात वर झाले. आधी पोरांचे, मग मुंबईहून आलेल्या चाळिशीतल्यांचे. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनीही हात वर केले, दुसऱ्याचा उचलावा तसे.

गावकीचा ठराव झाला की वाडीचं मत एकच. ते पहिल्या पंचाने सांगायचं असतं. आज्याने सांगितलं.

"वाडीचं मत छत्रीला. एक बी फुटता कामा नये. फोडील त्याला वाळीत."

पन्नास वर्षं तो हेच वाक्य म्हणत आला होता. त्यातला एकच शब्द नवा होता.

*

मी महाडला हॉस्टेलवर राहते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मत द्यायला आदल्या दिवशी घरी आले. आजा म्हणाला, "मला काय दिसत नाय गो. डोळ्याच्या त्या ऑपरेशनाचा काय उपयोग झाला नाय. उद्या माझ्यासंगट आत चल."

हे तो सगळ्या वाडीला सांगत होता.

शाळेतच केंद्र होतं. आधी मी माझं मत दिलं, छत्रीला. मग आज्याचा हात धरून पुन्हा आत गेले. अधिकाऱ्याने फॉर्म पुढे सरकवला, मी सही केली. मताची शाई डाव्या तर्जनीला होतीच. सोबत्याची शाई उजव्या तर्जनीला लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे आजा यंत्राच्या अगदी जवळ उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

"सूप हाय का अजून?"

"हाय. चौथ्या नंबरला."

"दाब."

मला वाटलं, विसरला. "आजा, ठराव छत्रीचा..."

"दाब, गो."

मी दाबलं. यंत्राने लांब आवाज काढला. आज्याने पाठीमागचे हात सोडले आणि एक माझ्या डोक्यावर ठेवला.

*

तीन दिवसांनी मतमोजणी झाली, तोवर मी घरीच होते. साहिल मोजणीला एजंट होता. तिथे यंत्रागणिक आकडे कळतात. दुपारी त्याचा फोन आला. आमचा आमदार जिंकत होता, पण साहिलच्या आवाजात ते नव्हतं.

"आपल्या यंत्रात चौऱ्याण्णव मतं. त्र्याण्णव छत्री. एक सूप."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सगळी वाडी सहाणेवर. लख्ख ऊन. आज्याने स्वतः नारळ ठेवला, शेंडी देवीकडे केली. शपथ कशी घ्यायची तेही त्यानेच सांगितलं.

"नारळावर हात ठेवायचा. म्हणायचं, माझ्या बोटानं सूप दाबलं नाय."

"छत्रीला दिलं, असं सरळ म्हणू की," कुणीतरी म्हणालं.

"मी म्हणतो तसंच."

पहिली शपथ त्याची. हात नारळावर, आवाज खणखणीत. "माझ्या बोटानं सूप दाबलं नाय."

तेव्हा मला शाळेतले ते पाठीमागे बांधलेले हात आठवले.

एकेक जण पुढे जात होता. चिमाबाई म्हणाली, "जन्मभर घरात सूपच धरलंय, बाहेर कशाला दाबू?" पण हसलं कुणी नाही. तिनेही हात ठेवला, शपथ घेतली आणि वळताना माझ्या हातांकडे पाहिलं.

"हिच्या दोनी बोटांना शाई हाय."

माझी पाळी आली होती. माझा हात नारळाकडे गेला नाही.

"दोनदा दाबलंय हिनं," साहिल म्हणाला. "एक आपलं, एक आज्याचं. आजा, तू हिला काय दाबायला सांगितलंस?"

"माझी शपथ झाली," आजा म्हणाला. तेवढंच.

मी सांगू शकले असते. वाळीतल्या माणसाच्या मयताला वाडी येत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या बापाला याच लोकांनी खांद्यावरून नेलं होतं. आज्याला कुणी न्यायचं? मी त्याच्याकडे बघत राहिले, त्याने बघावं म्हणून. तो नारळाकडे बघत होता.

"मी नाही सांगणार. तसं लिहून दिलंय."

"कुणाला?"

"सरकारला."

"मग ऱ्हा जा सरकारच्या घरी," मागून कुणीतरी.

निकाल पहिल्या पंचाने सांगायचा असतो. आज्याने सांगितला. हिच्याशी कुणी बोलायचं नाय, हिला पाणी द्यायचं नाय, हिनं वाडीत पाऊल टाकायचं नाय. जो ऐकणार नाय, तो बी तिच्यातच. मग त्याने नारळ फोडला आणि सगळ्यांच्या हातावर तुकडा ठेवला. मला सोडून.

मी घरी पिशवी भरली. आई दारात उभी राहिली, पदर तोंडात धरून. एक शब्द बोलली असती, तर तीही माझ्यातच.

मी चालत उतरले. दुसऱ्या वळणावर वाडीतल्या मोरूकाकाची जीप मागून आली. हॉर्न वाजला, मी बाजूला झाले, जीप पुढे निघून गेली. पोरांनी कातळावर निळी छत्री काढली होती, मी तिथे टेकले नाही.

वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे. आम्हाला तो कॉलेजात आहे. तक्रारीत पहिलं नाव पंचाचं लिहावं लागतं. कागद तीन आठवडे माझ्या उशाखाली आहे आणि त्यावर फक्त तारीख आहे. डाव्या बोटाची शाई गेली. उजव्याची नखाच्या मुळाशी अजून आहे.

निवडणुकीच्या सात आठवडे आधी, महाडच्या मोतीबिंदूच्या शिबिरात डोळ्यावरची पट्टी काढल्यावर आज्याने भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ वाचून दाखवली होती.