गोळीवरचं पाणी

ठमीच्या जिभेवर गोळी अजून तशीच होती. कडा तेवढ्या विरघळल्या होत्या आणि त्यांचा पांढरा चुरा जिभेच्या मध्यावर, चवलीच्या नाण्याएवढ्या जागेत, चिकटून बसला होता.

"घोट किती घेतलास?" केसरने विचारलं.

"एक."

"एका घोटात ती गळ्यापातुर बी जात न्हाय. पेला संपव."

"अगो बाय, माझं पोट काय मिठागर हाय, भरतीचं पानी घ्यायला?"

बाकावरच्या बायका हसल्या. ठमीने तोंड कडू करत पेला रिकामा केला आणि 'आ' केला. जीभ स्वच्छ होती. केसरने मान हलवून पुढच्या माणसाला बोलावलं.

उरणच्या त्या दवाखान्यात केसर पाणी भरायला होती. कामाचं नाव तेवढंच. मिठागरावरची माणसं हिवतापाची गोळी कोरडीच गिळत. गोड्या पाण्याचा एक माठ वीस जणांना संध्याकाळपर्यंत पुरवायचा, तर गोळीपायी पेलाभर पाणी कोण घालवणार? मग गोळी अन्ननलिकेत अडके, तिथेच विरघळू लागे, छाती जळे. आणि लोक म्हणत, दवाखान्याचं औषध आतून भाजतं. तीन वर्षांपूर्वी केसर स्वतः तापाने फणफणत इथे आली होती, तेव्हा तिचीही गोळी अशीच अडकली होती. बरी झाली आणि पेला हातात घेऊन इथेच राहिली. आधी एक घोट, घसा ओला करायला. मग गोळी. मग पेला पुरा. बसून घ्यायची, आडवं पडून नाही, आणि घेतल्यावर लगेच लवंडायचं नाही. उपाशीपोटी नाही, ताडीबरोबर तर नाहीच. कालची राहिली म्हणून आज दोन घेतल्या की कानात रातकिडे ओरडतात, हेही ती प्रत्येकाला सांगे.

डॉक्टर आता गोळी घरी नेऊ देत नसत. "केसरसमोर घ्या," म्हणत. ते ऐकलं की ती उगाचच पदर नीट खोचून घ्यायची.

दहाच्या सुमाराला तिचा बाप आला. येसाजी पागोट्यासकट कुडकुडत होता. चार कोस चालून तो गोळीसाठी आला नव्हता. हिव त्याला वाटेत भरलं होतं. तो उत्तरासाठी आला होता. केसरला मूल झालं नाही म्हणून तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली होती आणि गेली तीन वर्षं सासरचा निरोप येत होता : परत ये, दोघी नांदा. केसर कधी म्हणे शिमगा होऊ दे, कधी म्हणे भातकापणी होऊ दे. नाही मात्र ती कधी म्हणाली नव्हती. दवाखान्यामागची खोली, तिचं काम, हे सगळं चार दिवसांचं आहे असं बाप धरून चालला होता, आणि तिने त्याला तसं धरू दिलं होतं.

दादू कंपाउंडरने गोळी येसाजीच्या तळहातावर ठेवली. केसरने पेला पुढे केला.

"पानी नको."

"बा, कोरडी गिळू नको."

"परवा बी हिव भरलं व्हतं. शेजारच्या भागोजीकडची जुनी एक घेतली, कोरडीच." बोलता बोलता त्याचा हात छातीच्या मधल्या हाडावर गेला.

केसरने तो हात पाहिला. "दुखतं?"

"घास गिळताना. वय झालं, दुसरं काय."

दादूला वाटलं, म्हाताऱ्याचं लेकीशी काहीतरी बिनसलं असावं. "तिच्या हातचं नको, तर मी देतो की."

"माठ भरला कुनी?"

"केसरबाईनं."

"मंग झालं! लेकीला पोर होईस्तवर जावयाच्या घरचं पानी पीत न्हाय आमी. धा वरसं पाळलंय. आन ही हितं ऱ्हायली तरी हाय जावयाचीच."

"जावई तिकडं दुसरीच्या हातचं खुशाल पितोय, काका," ठमी बाकावरून म्हणाली, "आन तहान तेवढी तुमाला!"

"तू गप ऱ्हा गं."

येसाजीने गोळी तोंडात टाकली आणि मान मागे टाकली. गळ्याचा मणी वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला तो तिथेच थांबला. चेहरा लालबुंद झाला. केसर पुढे धावली, पाठीवर दोन थापा मारल्या, तेव्हा कुठे ठसक्यासरशी गोळी धोतरावर पडली. येसाजी डोळे पुसत धापा टाकत राहिला. हिवाने त्याचे दात अजूनही वाजत होते.

केसरने दादूकडून दुसरी गोळी मागून घेतली आणि बापासमोर जमिनीवर बसली. हे कधीतरी गावी जाऊन, घरच्या ओटीवर, बापाला एकट्याला सांगायचं असं तिने ठरवलं होतं. इथे बाकावर अकरा माणसं बसली होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती. तिने पेला बापापुढे धरला.

"बा, हे पानी जावयाचं न्हाय," ती म्हणाली. "हितं भरनारी मी, ऱ्हानारी मी. त्या घरी मी परत जानार न्हाय."