आपला संदेश मिळाला

मी एक जुना मोबाइल आहे. मलकापूरच्या बाजूच्या एका ग्रामपंचायतीत, टेबलावर, चार्जरला अडकून पडलेला. गावाचं नाव सांगत नाही. उगाच त्याची शोभा कशाला?

मित्रांनो, पंचायतीचं फेसबुक पान माझ्यावरूनच चालतं. सुरुवातीला संगणक सांभाळणारा हर्षल त्यावर कामाच्या सूचना टाकायचा. नळ कधी येणार, लसीकरण कुठे आहे. सरपंच भाऊराव मला हातात घेऊन म्हणायचे, "आपलं गाव ऑनलाइन झालं बे!" पुढे सूचना कमी झाल्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा वाढल्या. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचा कंटाळा आला, तेव्हा हर्षलने एक सोय लावून दिली. कुणी काहीही विचारलं की माझ्याकडून आपोआप उत्तर जायचं: "आपला संदेश मिळाला. योग्य कार्यवाही सुरू आहे." मग त्याने माझा आवाजही बंद केला.

शिवणकाम करणाऱ्या यास्मीनताईंच्या गल्लीत नळाचा पाइप गटाराखालून जातो. तिथला जोड निखळला आणि नळाला वास मारणारं पाणी येऊ लागलं. त्यांनी फोटो पाठवला. माझ्याकडून उत्तर गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "दुरुस्ती झाली का, भाऊ?" तेच उत्तर गेलं. फोटो माझ्या पोटात होता, हर्षल हाताच्या अंतरावर बसला होता, आणि मला त्याला हाक मारता येत नव्हती!

शेवटी यास्मीनताई पाण्याची बाटली घेऊन कार्यालयात आल्या. त्यांची लेक अदीबा उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात सलाइनवर होती.

"ताई, तुमाले रिप्लाय तं गेला होता ना?" हर्षल गडबडून म्हणाला.

"गेला ना! म्हनूनच तं चूप बसली मी. काल वास जरा कमी झाला. मले वाटलं, तुमी सुधारलं. तेच पानी पाजलं पोरीले. कोन लिहून राह्यलं होतं ते?"

"कोनीच नाही, ताई. ते आपोआप जाते."

यास्मीनताई माझ्याकडे पाहत राहिल्या. भाऊराव ओरडले, "अबे, पह्यले नळ बंद कर!"

जोड बदलला. त्याचा फोटो पानावर झळकला, त्याला भरपूर अंगठे मिळाले. अदीबाही घरी आली. उत्तराची ती सोय मात्र कुणी काढली नाही.

आज त्याच गल्लीतल्या सरस्वतीबाईंनी विचारलंय, "आता पानी प्याले चालते का?" जोड बदलल्यावर तपासणीसाठी भरलेली पाण्याची बाटली अजून माझ्या शेजारीच पडून आहे. पाणी कुणी तपासलेलंच नाही. तरी माझ्याकडून उत्तर गेलं.

मित्रांनो, मला नवी काच नको, कौतुक नको. तुमच्यापैकी कुणी इथून जात असाल तर आत या, मला उचला आणि त्या बाईंना एवढंच लिहा: थांबा, अजून पिऊ नका.