दादाची सुई

खोटं बोलायचं म्हटलं की सुषमाला दरदरून घाम फुटायचा, आणि आज ती भर दवाखान्यात बोलून बसली होती. "न्हाई सिस्टर, आधी कुठं सुई दिली न्हाई."

शिरूरच्या त्या दवाखान्यातल्या गौतमी सिस्टरची एक खोड होती. गुंगीचं औषध द्यायचं असलं की सगळं विचारून कागदावर मांडल्याशिवाय ती सुई भरायचीच नाही. डॉक्टर घाई करोत, नाहीतर पेशंट बोंब मारो.

समोर सुषमाचा नवरा बिरदेव पडला होता. न्हावऱ्याच्या रस्त्याला गाडी घसरून खांदा निखळलेला. तो बसवायला गुंगी हवी, पण गडी आधीच पेंगत होता. का, ते सुषमाला पक्कं ठाऊक. तिचा थोरला भाऊ दादा डेअरीत कामाला, गावोगाव गाईम्हशींना सुया टोचत फिरणारा. मेव्हण्याचं ओरडणं त्याला बघवेना. मारका बैल शांत करायचं औषध पिशवीत होतं, त्यातलं थोडं दिलं टोचून. मायेपोटीच हो! पण मायेला मेलीला काय कळतंय औषधातलं? जीपमधून आणताना म्हणाला, "सुषमे, तोंड उघडू नको. माझी नोकरी जाईल."

"मग एवढी गुंगी कशाची?" सिस्टर म्हणाली. "दारू घेतलीय?"

बिरदेव दारूला शिवतसुद्धा नव्हता. तरी सुषमा म्हणाली, "व्हय."

सिस्टरनं लिहून घेतलं आणि वाकून त्याचं तोंड हुंगलं. "वास तर येत नाही."

"थोडंच द्या, पण आवरा," डॉक्टर म्हणाले.

सुषमाला एका जागी उभं राहवेना. बिरदेवची छाती खाली गेली ती लवकर वर येईचना. सुई दंडाशी आली तसा तिनं सिस्टरचा हातच धरला. "देऊ नका. जनावराचं औषध दिलंय त्यास्नी. माझ्या भावानं."

सुई बाजूला पडली, ऑक्सिजन लागला. "खांद्याचं नंतर, आधी श्वास सांभाळा. औषध कुठलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

दादाला विचारायला ती बाहेर पळाली. जीप नव्हती. सख्खा भाऊ तिला तसंच टाकून पळाला होता. राग आला, रडूही आलं. आत येऊन म्हणाली, "सिस्टर, लिहा. भिमाजी रखमाजी कोळपे. त्याच्या डेअरीत इचारा, त्यास्नी औषध ठाऊक असंल." भावाबरोबर बापाचंही नाव कागदावर चढलं.

सिस्टरनं कोपऱ्यातल्या काळ्या फोनवरून डेअरी गाठली. तिथल्या साहेबांनी औषध सांगितलं, आणि भिमाजीचं पूर्ण नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

दिवस कलला तेव्हा बिरदेवचा श्वास रांगेला लागला. डोळे उघडून तो जड जिभेनं म्हणाला, "दादा कुठंयत? त्यांची सुई नसती तर मेलो असतो बघ. चहा तरी पाज त्यांना."

"पाजते," सुषमा म्हणाली.