हुडकोच्या ओळखीचा आवाज

त्या दुपारी आकाशात धूर पसरला होता. दोन वाजून वीस मिनिटांनी शालिकरामच्या शेजारची टीना धावत माझ्या मनोऱ्याखाली आली आणि त्याला म्हणाली, "काका, जल्दी घरी चला. काकूले लागलं." त्याचा हात माझ्या बटणावरच होता.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. सुपेल्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं मी पाळी सुटल्याचं सांगत होतो. शालिकराम तिथे फिटर होता. माझ्या मोटरला ग्रीस तोच द्यायचा. दोनला मी वाजलो की पाव तासात त्याची सायकल हुडको वसाहतीतल्या घरी पोहोचायची, आणि त्याची बायको अंजनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात उभी असायची. त्या गल्लीतल्या बऱ्याच बाया अशाच उभ्या राहायच्या. माझं कौतुक ते एवढंच. मला ते पुरे होतं.

कारखाना बंद पडला. भंगारवाल्याच्या आवारात मी सहा पावसाळे काढले. तोवर शिवनाथ नदीपलीकडच्या माळावर एका खाजगी कंपनीने रॉकेट उडवायचा तळ बांधला. इंजिनाची चाचणी असली की हुडकोतली भांडी फळीवरून खाली येत. टँकर जायचे म्हणून सुपेल्याचा चौक तासतास अडवत. पण पोरांना कामं लागली होती, त्यामुळे कोणी फारसं बोललं नाही.

उड्डाणाआधी लोकांनी घरात जावं म्हणून कंपनीला भोंगा हवा होता. साहेब नवा मागवणार होते. शालिकरामच त्यांना भंगारवाल्याच्या आवारात घेऊन आला आणि म्हणाला, "नवा कायले, साहेब? ह्याचा आवाज अख्ख्या हुडकोले ओळखीचा हाय." त्याने मला लाल रंग दिला, हुडकोच्या कडेला मनोऱ्यावर बसवलं. वाजवायचं कामही त्यालाच मिळालं. मला आनंद झाला होता, हे लपवत नाही.

चार वेळा तालीम झाली. मी वाजलो, वर काहीच झालं नाही, आणि शालिकराम सायकलवर बसून घरी गेला. चारही वेळा अंजनाबाई फाटकात होती. त्याने हसून तांब्या घेतला.

पाचव्यांदा रॉकेट खरंच उडालं. टीना खिडकीतून ओरडली होती, "काकू, अंदर या, सायरन बजा है." अंजनाबाई म्हणाली, "सायरन नोहे, बाई. ह्यायचा भोंगा हाय. येतच असन ते."

रॉकेट वर जाऊन फुटलं. त्याचा एक पत्रा त्या फाटकावर पडला. शालिकराम पोहोचला तेव्हा ती गेलेली होती.

तेरवी झाल्यावर तो कंपनीत गेला. त्याने एकच मागितलं. "ह्याचा आवाज बदला, साहेब. ह्याच्यानं बाया घरात जात नाही, बाहेर येते." साहेब म्हणाले, मंजूर कागदात हाच भोंगा लिहिला आहे, बदलायचा तर परवानगी नव्याने घ्यावी लागेल. शालिकरामने काम सोडलं. आता मला तळावरचं यंत्र वाजवतं.

भोंगा वाजला की घरात जा, असं तो दारोदार सांगत फिरतो. म्हाताऱ्या सिंधुताई त्याला म्हणाल्या, "समजते रे बाबा. पण पाय आपोआप निंगते." परवाच्या तालमीत मी वरून पाहिलं. अकरा बाया फाटकात होत्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला शिकवतात. मला जपू नका.

पुढचं उड्डाण शुक्रवारी आहे. मला अजून कोणी उतरवलेलं नाही.