कोठडीतला गुरुवार

"गुरुवारी मामा बराकीत नव्हताच," साहेब म्हणाले. "सकाळपासून तुरुंगाच्या दवाखान्यात आडवा होता. डॉक्टरच सांगतोय. बाई, तुमच्या त्या थापाड्यानं तुम्हाला चांगलंच गुंडाळलं."

फौजदारबाईंनी जबानीचा कागद पुन्हा वाचला. थापाड्या हा घरफोडीचा कैदी. हे नाव त्याला तुरुंगानंच दिलं होतं, आणि तो नावाला जागणारा माणूस होता. पण या वेळी त्यानं सांगितलेली गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. टोळ्यांना पिस्तुलं पुरवणारा मामा आणि बाँबस्फोटात पकडलेला एका जहाल गटाचा मास्तर, दोघंही त्याच्याच बराकीत. गुरुवारी कुलूप लागल्यावर दोघांचा सौदा ठरला, माल गावाबाहेरच्या लेथ कारखान्यातून उचलायचा, असं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं म्हणे.

कारखाना बड्या असामीचा. थापाड्यासारख्याच्या शब्दावर तिथे छापा घालून हात पोळून घ्यायला साहेब तयार नव्हते. थापाड्याला सकाळी परत त्याच बराकीत पाठवा, एवढं सांगून ते उठले. दाढदुखीचं निमित्त काढून त्याला वेगळ्या कोठडीत ठेवलं होतं खरं, पण कुजबुज मामापर्यंत पोचली होती. आता परत पाठवणं म्हणजे वाघाच्या तोंडी देणं, हे बाईंना कळत होतं आणि साहेबांनाही.

संध्याकाळी बाई पुन्हा तुरुंगात गेल्या. त्यांची एक रीत होती. मुद्द्याचं त्या दुसऱ्यांदा कधी विचारत नसत, कारण खोटारडा मुद्दा पाठ करून येतो. त्या फालतू गोष्टी विचारत. त्या रात्री घोरत कोण होतं? घोंगडीवरून कोण भांडलं? थापाड्या न अडखळता सांगत गेला, आणि सगळं आधीच्या सांगण्याशी जुळत होतं. जुळत नव्हता तो एक मेला गुरुवार.

पहारेकरी आला, गजांना कुलूप घालून गेला. बाईही निघाल्या.

"काल तुम्ही आलात तेव्हा अंगात ताप होता," थापाड्या गजांमागून म्हणाला. "आज बरं वाटतंय."

बाई थांबल्या. "काल कुठे? मी आजच दुपारी आले होते."

"तेच ते. कुलूप लागलं की आमचा दिवस संपला, मॅडम. पुढचा सुरू. शिक्षा ढकलायची असते ना, तेवढाच दिवस लवकर सरतो."

बाईंनी पहारेकऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, त्यात काय, इथे सगळेच असं मोजतात. बाहेरून आलेला नवा कैदीसुद्धा आठवड्यात शिकतो.

म्हणजे थापाड्याचा गुरुवार हा जगाचा बुधवार होता, आणि बुधवारी रात्री मामा ठणठणीत, आपल्या बराकीतच होता. बाईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेबांनी वार पुन्हा एकदा मोजायला लावले. मग म्हणाले, माणसं देतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात लोखंडी नळ्यांच्या ढिगाखाली पिस्तुलं सापडली, आणि ती न्यायला आलेला मास्तरचा माणूसही आयताच हाती लागला. चूक माझी, पकड तुमची, असं साहेबांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. बाईंचा ऊर अभिमानानं भरून आला. येणारच. इतकी वर्षं या खात्यात काही त्या खुर्ची उबवायला बसल्या नव्हत्या.

थापाड्याला नाव बदलून दूरच्या तुरुंगात हलवलं. आता भेटी बंद, हे त्याच्या घरी कळवायला बाई साध्या कपड्यांत स्वतः गेल्या. बाप शिंपी होता. कपडा उद्या होणार नसेल तर उद्या होणार नाही असंच सांगणारा, म्हणजे शिंप्यांच्या जातीला बट्टाच. मुलाला त्यानं दार बंद केलं होतं ते चोरीपायी नव्हे, खोटेपणापायी.

बाईंनी बेतानं सांगितलं. तो सुखरूप आहे, कुठे ते विचारू नका, आणि याचा कुठे चकार शब्द काढू नका, त्याच्या जिवाशी गाठ आहे.

"आता आणखी काय दिवे लावले त्यानं?" मशीनचं चाक हातानं थांबवत म्हातारा म्हणाला.

बाईंना एवढं बोलायची परवानगी नव्हती, तरी त्या बोलल्या. "त्यानं आम्हाला एक गोष्ट सांगितली. तिच्यामुळे खूप जीव वाचले. शब्द न् शब्द खरी होती."

"शब्द न् शब्द?"

"हो, काका."

म्हातारा एकदम उठून उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्यानं गळ्यातली टेप काढली, पुन्हा घातली. "माझा मुलगा आहे तो," तो म्हणाला. जणू बाईंना ते ठाऊकच नव्हतं.

एवढ्यात शेजारचा दुकानदार दारात डोकावला. भोचकच तो. पाहुण्या कोण, पोराची काही खबर आहे का, एका दमात विचारून मोकळा झाला.

"गिऱ्हाईक आहे. कोट शिवायचाय," शिंपी म्हणाला. "आणि त्या कार्ट्याचं नाव माझ्यासमोर काढू नका. जन्मात कधी खरं बोलला नाही तो."

शेजारी मान हलवत निघून गेला. म्हाताऱ्यानं डोळे पुसले, टेप पुन्हा काढली आणि ताठ मानेनं बाईंच्या खांद्याचं माप घेऊ लागला.