न उसवणारी लेस

दर महिन्याला जावईबापू यायचे, धाकटीने क्रोशाने विणलेल्या लेसचं पुडकं आईच्या मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा, मजेत आहे तुमची लेक. हाताला उसंत नाही, म्हणून तर यायला जमत नाही." आईला तेवढं पुरायचं. मी पुडक्याकडे ढुंकूनही बघत नसे. माझ्या नाकावर टिच्चून या माणसाशी लग्न केलंस ना, मग बस म्हटलं तुझं तू निस्तरत.

आणि धंदा काय माझा? लेस ओळखणं! हाताची कुठली, मशीनची कुठली, सुईची की क्रोशाची. अख्ख्या बाजारातले दुकानदार माझ्यापुढे तुकडे आणून टाकतात.

त्या दुपारी जावईबापू नुकतेच पुडकं देऊन बसले होते आणि मी गिऱ्हाइकाच्या झालरींना इस्त्री करत होते. एक झालर अपुरी पडली. आईला म्हटलं, "दे गं त्या पुडक्यातली वीतभर."

जावईबापू गडबडले. "ती नका घेऊ, ताई. दुसरी आणतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. भिंग लावलं. क्रोशाच्या कामात साखळीसारखे फासे असतात, एकातून एक ओढलेले. इथे फासा औषधालाही नव्हता. नुसते धाग्यांवर धागे शिवलेले. तरी खात्री करावी म्हणून टोक कापून ओढलं. क्रोशाचं काम एका धाग्याचं, शेवट सुटला की सरसर उसवत जातं. हे तुटून हातात आलं.

"ही मशीनची आहे," मी म्हटलं. "ती कुठंय?"

"घरीच आहे की. जरा बरं नाही तिला..." बोलता बोलता तो दाराकडे सरकला.

मानगूट धरून त्याला टेबलावर आपटला. नाक फुटलं, झालरी रक्ताने माखल्या. त्याने माझ्या पोटात लाथ घातली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण इस्त्री मी सोडली नाही. तापलेली तशीच त्याच्या पंजावर दाबली. कातडं चरचरलं.

"बोल, मेल्या!"

"दारात... दारात चेपली बोटं तिची! माहेरी निघाली होती!"

आई उठली. तिने त्याच्या खिशातली किल्ली काढून घेतली, फाडकन त्याच्या थोबाडीत दिली आणि आम्ही बाहेर पडल्यावर कडी घातली. आत तो दारावर लाथा घालत राहिला.

त्याच्या घराचं कुलूप काढलं. धाकटी मागच्या खोलीत जमिनीवर बसली होती. उजव्या हाताला फडकं. ते सोडलं, तर चार बोटं चार दिशांना, वाकडी ती वाकडीच जुळलेली. आईने तो हात आपल्या मांडीवर घेतला.

"कधी गं केलं हे?" मला रडू आवरेना.

"तीन महिने झाले." मग तिने विचारलं, "तेव्हापासून मशीनची लेस आणून देत होता ना तो?"

"हो."

"मला वाटायचं, ताई एकदा बघेल आणि धावत येईल. पुडकं घेऊन तो निघाला, की मी दाराला कान लावून बसायचे."